दारापासून तीस मीटर



काही महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी माझा एक जुना वर्गमित्र घरी आला. तो एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. बालपणी झालेल्या पोलिओमुळे त्याचे दोन्ही पाय अधू झाले. तथापि कुबड्यांच्या आधाराने तो चालतो आणि मागे दोन जादा चाके बसवलेली स्कूटर घेऊन शहरभर हिंडतो. फाटकाशी त्या स्कूटरचा आवाज आला की आमच्या घरातली मुले ‘सर आले’ म्हणून धावतात. त्या दिवशी मात्र तो नेहमीसारखा हसत आला नाही. त्याने खिशातून फोन काढून माझ्यापुढे धरला. पडद्यावर त्याच्या स्कूटरचे छायाचित्र होते आणि त्याखाली मजकूर होता : मनाई असलेल्या जागी वाहन उभे केल्याबद्दल दंड, रुपये ५००.

हकीकत साधी होती. आईच्या निवृत्तिवेतनाचे कागद देण्यासाठी तो एका सरकारी कचेरीत गेला होता. दुचाकींसाठी नेमलेली जागा इमारतीच्या मागे होती. तेथे गाड्या एकमेकींना खेटून उभ्या. त्यांत चार चाकांच्या रुंद स्कूटरचा शिरकाव होणे अशक्य. झाला असता तरी तेथून दारापर्यंतची वाट सुट्या खडीची, आणि खडीवर कुबडी ठरत नाही. म्हणून त्याने गाडी पायऱ्यांलगत, ‘येथे वाहने उभी करू नयेत’ या पाटीखालीच लावली. वीस मिनिटांत काम आटोपून तो बाहेर आला, तोवर दंड झालेला होता.

“पाचशे रुपयांचे मला फारसे वाटत नाही,” तो म्हणाला, “पण नियम मोडणारा म्हणून माझे नाव लागले, त्याचे वाटते. तू सरकारी माणूस आहेस. मला एवढेच सांग, मी गाडी कुठे लावली असती म्हणजे नियम पाळला गेला असता?”

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजचे भाषण म्हणजे त्या उत्तराचा शोध आहे, असे समजावे.

प्रथम त्या पोलीस शिपायाविषयी. त्याला दोष देण्याचा मोह होतो, पण तो न्याय होणार नाही. त्याच्या हाती एक यंत्र दिलेले असते. पाटी दिसली, तिच्याखाली गाडी दिसली, छायाचित्र घेतले, की त्याचे कर्तव्य पुरे होते. पूर्वी शिपाई आणि चालक समोरासमोर येत, शब्दाला शब्द लागे, आणि कुबड्या पाहून एखादा शिपाई पावतीपुस्तक मिटूनही ठेवी. आता दंड थेट वाहनाच्या क्रमांकावर पडतो. त्या क्रमांकामागे कोण माणूस आहे आणि गाडी तेथे लावण्यावाचून त्याला गत्यंतर होते की नव्हते, हे विचारण्याचा प्रसंगच येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या १७७व्या कलमातील सर्वसाधारण दंड २०१९च्या दुरुस्तीने १०० रुपयांवरून ५०० वर गेला, आणि पुन्हा तोच अपराध घडल्यास १५०० वर. शिस्तीसाठी ही वाढ आवश्यक होती, हे मी मान्य करतो. परंतु ज्याला अन्य जागाच उपलब्ध नाही, त्याच्यापाशी शिस्तीची मागणी कोणत्या तोंडाने करावी?

कित्येकदा दंडावरच भागत नाही. गाडी उचलून नेली जाते. धडधाकट मनुष्य अशा वेळी चडफडत रिक्षा करतो आणि गाडी सोडवून आणतो. ज्याच्या कुबड्यासुद्धा स्कूटरला अडकवलेल्या असतात, त्याची स्कूटर उचलणे म्हणजे त्याचे पाय उचलून नेण्यासारखे आहे.

आता जागेचा विचार करू. अपंग चालकाला जागा दाराजवळ हवी, हे सर्वांना पटते. ती रुंदही हवी, हे सहसा ध्यानात येत नाही. हातांनी वेग आणि ब्रेक सांभाळता येतील अशी सोय केलेली मोटार आपल्याकडे आता नवलाची राहिलेली नाही. तिचा चालक जागेवर आला की दार पुरते उघडतो, चाकाची खुर्ची बाहेर काढून जमिनीवर मांडतो आणि मग आपले शरीर तिच्यावर सरकवतो. यासाठी बाजूला मोकळी जागा लागते. म्हणूनच इमारतींविषयीच्या आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत अशा जागेची रुंदी किमान ३.६ मीटर सांगितली आहे, आणि ती प्रवेशद्वारापासून ३० मीटरांच्या आत असावी, असेही म्हटले आहे. जातेवेळी जागा मोकळी होती आणि परतेवेळी दोन्ही बाजूंना गाड्या चिकटून उभ्या आहेत, असे झाले, तर तो मनुष्य आपल्याच गाडीपाशी तिष्ठत राहतो. ‘दोनच मिनिटांत आलो’ असे म्हणून तेथे गाडी लावणाऱ्याची दोन मिनिटे किती लांब असतात, हे त्यालाच ठाऊक.

हा प्रश्न मूठभरांचा आहे, असेही कोणी समजू नये. २०११च्या जनगणनेत देशातील अपंगांची संख्या २ कोटी ६८ लाख भरली. त्यांपैकी सुमारे ५४ लाखांचे अपंगत्व हालचालीसंबंधीचे होते. ते सारे वाहन चालवतात असे नाही. परंतु चालवणाऱ्यांची संख्या वाढावी, ते नोकरीवर, बाजारात, नाटकाला आपले आपण जावेत, हीच तर आपली इच्छा आहे.

कायद्याने या बाबतीत काहीच केले नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. १९९५ साली अपंग व्यक्तींसाठी पहिला व्यापक कायदा झाला. २०१६ साली त्याची जागा अधिक भक्कम कायद्याने घेतली. अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती नियम प्रसिद्ध झाल्यापासून पाच वर्षांत सुगम कराव्यात, असे या नव्या कायद्याने फर्मावले. नियम २०१७च्या जूनमध्ये निघाले. म्हणजे ती मुदत २०२२ सालीच संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की सुगम्यतेचे मानदंड केवळ शिफारशीवजा असून चालणार नाही. किमान मानदंड बंधनकारकच हवेत. माझ्या मित्रासारख्यांच्या वाहनाकडे पाहण्याची कायद्याची दृष्टीही बदलली. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात मुद्दाम घडवलेल्या वाहनालाच अपंगांचे वाहन म्हटले होते, नुसत्या फेरफार केलेल्या वाहनाला नव्हे. २०१९च्या दुरुस्तीने फेरफार केलेल्या वाहनालाही मान्यता दिली. सरकारी लिखाणात ‘अपंग’ जाऊन ‘दिव्यांग’ आले. शब्द बदलला, कचेऱ्यांच्या पायऱ्या मात्र बहुतेक ठिकाणी जशाच्या तशा राहिल्या.

ब्रिटनमध्ये या प्रश्नाची उकल कशी झाली, ते पाहण्याजोगे आहे. तेथे १९७०च्या एका कायद्याच्या आधारे पुढच्या वर्षी नारिंगी रंगाच्या बिल्ल्याची योजना सुरू झाली. पुढे तो बिल्ला निळा झाला. त्यातील मर्म असे की हा बिल्ला वाहनाला मिळत नाही, व्यक्तीला मिळतो. ती व्यक्ती आज स्वतःची गाडी चालवील, उद्या मुलीच्या गाडीतून जाईल. बिल्ला तिच्याबरोबर जातो आणि काचेमागे ठेवला जातो. इंग्लंडमध्ये कडेला दुहेरी पिवळ्या रेषा असलेल्या, म्हणजे एरवी गाडी उभी करण्यास मनाई असलेल्या रस्त्यावरही बिल्लाधारकाला सामान्यतः तीन तासांपर्यंत थांबता येते. केव्हा आलो हे दाखवणारे पुठ्ठ्याचे घड्याळ तेवढे शेजारी ठेवावे लागते. रहदारीला अडथळा होईल तेथे मात्र त्यालाही मुभा नाही, आणि दुसऱ्याचा बिल्ला वापरणाऱ्याला जबर दंड आहे. अर्थात तेथेही बिल्ल्यांचा दुरुपयोग होतो, चोऱ्याही होतात. परंतु तपासणाऱ्याला काचेकडे पाहताच कळते की हा मनुष्य येथे का थांबला आहे.

आपल्याकडे ओळखपत्र आहे. पण ते खिशात असते, आणि यंत्राला खिशातले दिसत नाही. मौज अशी की सरकारला ही माहिती नसते असेही नाही. वाहननोंदणीच्या २० क्रमांकाच्या अर्जात मालक दिव्यांग आहे की काय, याची नोंद घेण्याची सोय २०२० सालीच झाली. म्हणजे एका वहीत लिहिलेले आहे की हे वाहन दिव्यांगाचे, आणि दुसऱ्या वहीतून त्याच क्रमांकावर दंड निघतो. या दोन वह्यांची गाठ घालून देणे फार अवघड नसावे. दंड निघण्यापूर्वी एका अधिकाऱ्याने एवढेच पाहावे : वाहन दिव्यांगाचे आहे काय, रहदारी अडली होती काय, आणि जवळपास त्याच्यासाठी राखलेली जागा होती काय. रहदारी अडली नसेल आणि जागाही नसेल, तर दंड भरायचा कोणी, हे ज्याचे त्याने ठरवावे.

एवढे सांगून थांबलो असतो, तर मी दुसऱ्यांना उपदेश करणारा एक अधिकारी ठरलो असतो. म्हणून एक कबुली देतो. मित्र गेल्यावर दुसऱ्या दिवशी मी माझ्याच कचेरीच्या आवारात फिरून पाहिले. निळ्या रंगात चाकाच्या खुर्चीचे चित्र काढलेली एक चौकट आमच्याकडेही होती. ती होती आवाराच्या टोकाला, जनित्राच्या खोलीमागे. चित्र धुळीने झाकले होते आणि त्यावर मोडक्या खुर्च्या रचलेल्या होत्या. तपासणीच्या अहवालात ‘सोय केली आहे’ असा शेरा होता, आणि त्याखाली सही माझी होती. पोर्चलगतच्या प्रशस्त जागेत, दारापासून पंधरा पावलांवर, नित्याप्रमाणे माझी गाडी उभी होती. तेथे ती का उभी राहते, हे इतक्या वर्षांत मला कोणी विचारले नव्हते. मीही स्वतःला विचारले नव्हते.

त्या जागेसाठी नव्या तरतुदीची गरज पडली नाही. एक डबा रंग, एक पाटी, पायरीशेजारी सिमेंटचा उतार आणि पहारेकऱ्याला दिलेली स्पष्ट सूचना, एवढ्यावर काम झाले. पहिल्या आठवड्यात तेथे दोनदा गाडी लागली. दोन्ही वेळा ती आमच्याच खात्यातील वरिष्ठांची होती. पहारेकऱ्याने दबकत दबकत ती हलवायला सांगितली, आणि ती हलली. मला वाटते, रंगापेक्षा त्या सांगण्याला अधिक धैर्य लागले असेल.

मित्राने आपला दंड भरून टाकला. तक्रार करायला जायचे तर पुन्हा गाडी लावायची कुठे, हा प्रश्न होताच. मागल्या महिन्यात तो काही कामासाठी आमच्या कचेरीत आला. वर येऊन खुर्चीत टेकला, कुबड्या भिंतीला लावल्या आणि म्हणाला, “आज पाटी वाचून गाडी लावली.”

त्याच्या प्रश्नाचे उत्तर मी एका आवारापुरतेच देऊ शकलो. आपणांपैकी कोणी शाळा चालवीत असेल, कोणाचे दुकान असेल, कोणी सोसायटीचा चिटणीस असेल. उद्या सकाळी आपल्या दारापासून तीस मीटर मोजून पाहावे आणि त्या अंतरात कोणाची गाडी उभी आहे, ते पाहावे.