२०३ दिवसांचा प्रवास

लांबचा प्रवास हा मनुष्याच्या स्वभावाचा मोठा कठोर परीक्षक आहे. घरी ज्याची शांतवृत्ती सर्वांच्या कौतुकाचा विषय असते, तो गृहस्थ गाडीत खिडकीजवळच्या जागेवरून हमरीतुमरीवर येतो. आणि चारचौघांत अबोल म्हणून ओळखला जाणारा दुसरा एखादा, दोन स्टेशने मागे पडली नाहीत तोच साऱ्या डब्याला हसवू लागतो. धर्मकार्यासाठी किंवा सेवेसाठी निघालेला मनुष्यही या परीक्षेतून सुटत नाही. किंबहुना त्याची परीक्षा अधिकच अवघड, कारण इतर प्रवाशांना चिडण्याची जी मोकळीक असते तीही त्याला नसते.

अंधेरीलगतच्या सहार विमानतळावरून रात्री-अपरात्री उडणाऱ्या विमानांत असे प्रवासी पुष्कळ असतात. कोणी तीर्थयात्रेस निघालेले, कोणी परमुलखात रुग्णसेवा करावयास. नऊ-दहा तासांत विमान लंडन गाठते. परंतु तेवढ्या वेळात गुडघे पुढच्या आसनाला टेकलेले, शेजाऱ्याची मान आपल्या खांद्यावर कललेली, मागे एखाद्या तान्ह्या मुलाने धरलेला सूर, आणि पुढ्यात आलेले अन्न पाहून होणारी घरच्या पिठल्याची आठवण! अशा स्थितीत श्रद्धा आणि विनोद ही दोन्ही सांभाळणे सोपे नव्हे.

याच विमानतळापासून जवळ, मरोळच्या बाजूस, सीप्झच्या आवारात एका जुन्या ख्रिस्तमंदिराचे भग्नावशेष आहेत. पोर्तुगीज जेझुइटांनी ते १५७९ साली उभारले. १८४० च्या सुमारास आलेल्या साथीनंतर ते ओस पडले. आता वर्षातून एकदा, मे महिन्यात, ईस्ट इंडियन समाजाचे लोक तेथे उपासनेसाठी जमतात. ज्या वर्षी या भिंती उभ्या राहिल्या, त्याच वर्षी तिशीच्या घरातील एक इंग्रज जेझुइट लिस्बनहून गोव्यास यावयास निघाला होता. त्याचा प्रवास नऊ तासांचा नव्हता; तो २०३ दिवसांचा होता.

या तरुणाचे नाव टॉमस स्टीफन्स. पुढे मराठीत ‘क्रिस्तपुराण’ रचणारे फादर स्टीफन्स ते हेच. गोव्यास पोहोचल्यावर १० नोव्हेंबर १५७९ रोजी त्यांनी आपल्या वडिलांना एक लांबलचक पत्र लिहिले. रिचर्ड हॅक्लुइट याने ते १५८९ साली आपल्या प्रवासवर्णनांच्या संग्रहात छापले, म्हणूनच ते आज आपल्याला वाचावयास मिळते. पत्रात संकटे पानोपानी आहेत. कुरकुर मात्र शोधूनही सापडत नाही.

प्रवासाचा आरंभच मोठ्या गमतीचा आहे. इटलीहून मजल दरमजल करीत ही मंडळी लिस्बनला पोहोचली ती मार्चच्या अखेरीस, आरमार सुटण्यास अवघे आठ दिवस उरले असता. काही महत्त्वाच्या कामामुळे जहाजे अडकून पडली होती म्हणून बरे. नाहीतर ती केव्हाच निघून गेली असती. इतकेच नव्हे, तर यांच्या जागी दुसऱ्यांची नेमणूकही होऊन चुकली होती! ऐनवेळी पोहोचून त्यांनी आपल्या जागा परत मिळविल्या. एवढ्या दूर का चाललो, याचे उत्तर त्यांनी वडिलांना एकाच शब्दात दिले आहे: आज्ञापालन.

४ एप्रिल रोजी कर्णे वाजले, तोफा झडल्या, आणि पाच जहाजे गोव्याच्या रोखाने निघाली. जहाजांवर खलाशी आणि शिपाई तर होतेच, पण लहान मुलेही पुष्कळ होती. मुलांना समुद्र पुरुषांपेक्षा अधिक मानवतो, आणि बायकाही जेथे उत्तम निभावून नेतात तेथे मुलांचे नवल ते काय, असे हे तरुण फादर सहज लिहून जातात. समुद्र लागून आडव्या झालेल्या धिप्पाड शिपायांना हा टोला ठाऊक नव्हता, हे त्यांचे भाग्य!

सहाव्या दिवशी मदेरा बेटाजवळ एका इंग्रजी जहाजाने यांच्यावर गोळ्या झाडल्या. स्टीफन्स स्वतः इंग्रज. स्वदेशाचा निरोप घेऊन निघालेल्या मनुष्याला स्वदेशाने असा निरोप द्यावा! पोर्तुगिजांनी मोठ्या तोफा बाहेर काढताच ते जहाज आल्या वाटेने परतले. यावर फादरांचा अभिप्राय एवढाच की जहाज मोठे देखणे होते, ते इतक्या वाईट उद्योगाला लागलेले पाहून खेद वाटला. पुढे कॅनरी बेटांमध्ये प्रतिकूल वाऱ्याने चार दिवस नुसते घुटमळत ठेवले. त्याबद्दल ते लिहितात की तेनेरिफचा उंच पर्वत न्याहाळावयास त्यामुळे चांगली सवड मिळाली. आगगाडी चार तास सिग्नलपाशी उभी राहिली असता बाहेरच्या डोंगराचे कौतुक करणारा सहप्रवासी किती जणांना भेटला असेल?

खरी कसोटी लागली ती गिनीच्या किनाऱ्यासमोर. सहाव्या अक्षांशापासून विषुववृत्तापर्यंतचा टप्पा, पण तो ओलांडावयास ३० दिवस लागले. कडक उष्मा, वाऱ्याचा पत्ता नाही, आभाळ सदा गढूळ, आणि पाऊस असा रोगट की साचलेल्या पाण्यात व टांगलेल्या मांसात लगेच किडे व्हावेत. जहाज कधी चाले, कधी थांबे. आणि चाले तेही असे की उभे राहिले असते तरी फारसे बिघडले नसते, हा त्यांचा शेरा. त्याच पाण्यावर कोंबड्याच्या तुऱ्यासारखा एक सुंदर जीव तरंगताना त्यांनी पाहिला आणि त्याचे रंग, त्याचे खाली लोंबणारे तंतू, त्याचे जहाल विष यांचे बारकाईने वर्णन केले. आज प्राणिशास्त्रज्ञ त्याला ‘पोर्तुगीज मॅन ऑफ वॉर’ म्हणतात. पाण्यात किडे पडत असताना ज्याची दृष्टी त्या तुऱ्याच्या रंगावर जाते, त्याची श्रद्धा नुसती पाठ केलेली नसते.

शार्क माशाचे, म्हणजे आपल्याकडील कोळी ज्याला मुशी म्हणतात त्याचे, वर्णन तर वाचण्यासारखे आहे. त्याच्यापुढे आणि दोन्ही बाजूंना निळ्या-हिरव्या पट्ट्यांचे चिमुकले मासे सदैव चालतात; जणू एखाद्या सरदारापुढे गणवेशातले हुजरे! हा मासा माणसे खातो हे कळल्यापासून खलाशांना त्याचे मांस रुचेना. तरीही ते त्याला मोठ्या गळांनी वर ओढीत, मिळतील तेवढे मारीत, आणि आपण केवढा सूड उगविला अशा समाधानात राहात.

२९ जुलै रोजी जहाज केप ऑफ गुड होपपाशी आले. येथे जहाजाच्या वाटाड्याचा अंदाज चुकला. वारा अनुकूल आहे या भरवशावर त्याने जहाज जमिनीच्या फार जवळ नेले. तोच वारा फिरला आणि प्रचंड लाटांनी जहाज किनाऱ्याकडे लोटले. खाली १४ वावांहूनही कमी पाणी, तळाशी सुरीसारखे खडक, नांगर तुटून गेलेले. आता आधार उरला तो ईश्वराचा आणि निर्मळ मनाचा, असे फादर लिहितात. ही दोन नावे त्यांनी शेजारी-शेजारी ठेवली आहेत, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. मनुष्याचे मन आतून स्वच्छ असेल तरच त्याला संकटात देवाकडे निःशंक पाहता येते. अवचित जमिनीकडून वारा सुटला, शिडे भरली आणि जहाज वाचले. दुसऱ्याच दिवशी सर्वजण गळ टाकून मासे धरीत बसले होते!

यापुढचा भाग मात्र हसण्याचा नाही. निघावयास उशीर झाल्यामुळे मोझांबिकवरून जाणारी नित्याची वाट सोडून मादागास्करच्या बाहेरून जावे लागले. त्या वाटेवर बंदर नाही, ताजे पाणी नाही, भाजीपाला नाही. हिरड्या सुजत, त्या कापाव्या लागत. पाय सुजून हातपाय हलेनासे होत. हा स्कर्व्ही रोग. लिंबू-संत्र्यांच्या रसाने तो बरा होतो हे जेम्स लिंड या नौदलाच्या वैद्याने १७४७ साली प्रयोग करून दाखविले, आणि ‘क’ जीवनसत्त्वाचा अभाव हे त्याचे कारण तर विसाव्या शतकातच उमगले. १५० हून अधिक माणसे आजारी पडली, २७ दगावली. इतर खेपांच्या मानाने ही हानी खलाशांना थोडीच वाटली, एवढे सांगून फादर पुढे जातात. स्वतःविषयी मात्र ते लिहितात की पुष्कळांच्या अपेक्षेविरुद्ध आपली प्रकृती वाटभर उत्तम राहिली. आपल्या मरणाची खात्री बाळगून असलेल्या मंडळींची निराशा झाली, ही गोष्ट त्यांनी किती सौम्यपणे नोंदविली आहे! वारा, खलाशी, शार्क आणि स्वतः आपण, या सर्वांवर त्यांनी हसून घेतले. आजाऱ्यांवर एकदाही नाही. विनोदाची मर्यादा ती हीच.

शेवटी शेवटी तर वाटही चुकली. त्या काळी समुद्रावर रेखांश अचूक कळण्याचे साधन नव्हते. दोन पक्षी हाती लागताच हिंदुस्थान जवळ आला म्हणून आनंदीआनंद झाला. पण ते पक्षी अरबस्तानचे निघाले, आणि जहाज होते सोकोत्रा बेटाच्या आसपास. अन्न संपत आलेले. १५ दिवस केवळ माशांवर काढले. मग ईशान्येचा वारा सुटला आणि नाइलाजाने तोंड पूर्वेकडे वळवावे लागले. तीच नेमकी खरी दिशा होती! ताडामाडांच्या फांद्या दिसल्या, पाण्यावर साप दिसले, आणि दुसऱ्या दिवशी जमीन. पाणी संपत आले होते हे सांगताना, तिकडे बिअर होत नाही हे वडिलांना ठाऊकच आहे, अशी पुस्ती जोडावयास चिरंजीव विसरत नाहीत. २४ ऑक्टोबर रोजी गोवा आले.

श्रोतेहो, श्रद्धा म्हटली की मुद्रा गंभीर हवी, असा एक समज आहे. आपल्या परंपरेला तो मान्य नाही. स्टीफन्स गोव्यास उतरले तेव्हा पैठणास एकनाथ महाराज हयात होते. ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण ज्यांच्या हातून व्हावयाचे होते, त्याच हातांनी लोकांना हसवणारी भारुडेही लिहिली. ईश्वरावर भार टाकलेल्या मनुष्याला स्वतःचे ओझे वाटत नाही, म्हणून त्याला हसता येते.

स्टीफन्स ज्या सत्तेच्या छायेत आले, तिने १५६७ साली गोव्याच्या साष्टी प्रांतातील देवळे पाडली होती. आणि १५८३ च्या जुलैत कुंकळ्ळी येथे लोकांच्या संतापात पाच जेझुइट मारले गेले. हा इतिहास झाकून ठेवण्याचे कारण नाही. परंतु त्याच १५८३ च्या २४ ऑक्टोबरला, आगमनास बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, स्टीफन्स आपल्या भावाला येथील भाषांविषयी लिहीत होते. या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे, हे त्यांच्या ध्यानात आले होते. गिनीच्या समुद्रात उपद्रवी जीवाचेही रंग ज्या नजरेने टिपले, तीच नजर आता मराठीकडे वळली होती. १६१६ साली रायतूर येथे छापले गेलेले ‘क्रिस्तपुराण’ हे तिचे फळ: ओवी छंदातील सुमारे अकरा हजार ओव्या, रोमन लिपीत छापलेल्या, पण भाषा मराठी आणि तिच्या गौरवाने भरलेली.

१६१९ साली फादर स्टीफन्स वारले. चाळीस वर्षांत ते मायदेशी परतले नाहीत. २०३ दिवस त्यांना जहाजावर ना जागा सुखाची मिळाली, ना अन्न, ना पाणी. तेथे करण्यासारखे एकच काम होते, ते म्हणजे आजूबाजूला नीट पाहणे; आणि ते त्यांनी मनापासून केले. प्रवास कितीही अडचणीचा असला, तरी हे काम प्रत्येकाला करता येते. त्याला तिकीट लागत नाही, आणि त्याची जागा दुसऱ्याच्या नावे होत नाही.