मुरुमे आणि ग्लायकोलिक आम्ल

डिचोली तालुक्यातील सुर्ला गावाने तांबड्या धुळीचा सहवास अनेक वर्षे अनुभवलेला आहे. खनिजाचे ट्रक रस्त्याने धावू लागले की झाडांची पानेसुद्धा तांबूस होत. मग माणसांच्या चेहऱ्यांची काय कथा! त्यात वैशाखातील उकाडा आणि अंगाला चिकटणारा घाम. अशा वेळी गालांवर पुटकुळ्या उठल्या, की चेहरा दिवसातून पाचसहा वेळा साबणाने खसखसून धुवावा, असेच कोणालाही वाटेल. वस्तुतः मुरुमांचे मूळ या धुळीत नाही, आणि घासल्याने ती जातही नाहीत.

केसांच्या मुळाशी असणाऱ्या तैलग्रंथी तारुण्याच्या उंबरठ्यावर अधिक तेल स्रवू लागतात. त्यांच्या छिद्रांच्या तोंडाशी मृत पेशी चिकटून बसतात, तेल आत कोंडते, जंतू वाढतात आणि तो भाग लाल होऊन सुजतो. अडथळा छिद्रात असतो. वरून घासले तर दाह मात्र वाढतो.

हा अडथळा सैल करण्यासाठी हल्ली ग्लायकोलिक आम्लाचा उपयोग पुष्कळ होऊ लागला आहे. अमेरिकेतील व्हॅन स्कॉट आणि यू या संशोधकांनी १९७४ साली, खवले धरणाऱ्या त्वचेच्या विकारावर अशा आम्लांचा गुण दाखवून दिला. मृत पेशींना परस्परांशी जखडणारे बंध हे आम्ल ढिले करते. त्याचे रेणू आपल्या वर्गात सर्वांत लहान असल्याने ते त्वचेत लवकर शिरते. त्याचा गुण त्यातच आहे आणि धोकाही त्यातच आहे. ते उसात सापडते हे खरे. परंतु बाजारातील आम्ल बहुतांशी रासायनिक कारखान्यात तयार होते, आणि उसाचे नाव घेतल्याने कोणतेही आम्ल सौम्य होत नाही.

समजा, एखाद्या घरात लग्न तीन आठवड्यांवर आले आहे. नवरी मुलीच्या गालांवर पुटकुळ्या आहेत. ती तीव्र आम्लाची बाटली मागवते, रोज रात्री लावते, जळजळ झाली तर औषध लागू पडले असे समजते, आणि सकाळी आमंत्रणे देण्यास उन्हात हिंडते. आठवडाभरात गाल सोलवटतात. पुढे मुरुमे बसतात, पण त्यांच्या जागी काळसर डाग राहतात. सावळ्या व गव्हाळ त्वचेत दाह झाला की रंगद्रव्य अधिक तयार होते, आणि तो डाग महिनोन्‌महिने हटत नाही. मुरुमापेक्षा उपायाची खूण अधिक काळ टिकते, ती अशी.

हा अनर्थ टाळणे कठीण नाही. घरगुती वापरासाठी आम्लाचे प्रमाण १० टक्क्यांहून अधिक आणि सामू ३.५ हून कमी नसावा, असा अमेरिकेतील तज्ज्ञ समितीचा निष्कर्ष आहे. नवख्याने सुमारे ५ टक्क्यांपासूनच आरंभ करावा. प्रथम कानामागे किंवा जबड्याखाली थोडेसे लावून दोन दिवस वाट पाहावी. नंतर आठवड्यातून एक वा दोन रात्री, चेहरा धुऊन पूर्ण कोरडा झाल्यावर, पातळ थर लावावा. डोळे, ओठ आणि नाकपुड्यांच्या कडा वर्ज्य. वर साधे मॉइश्चरायझर लावावे. मिनिटभर किंचित चुरचुरले तर चिंता नको. आग होत राहिली, लाली वा सूज टिकली, तर थंड पाण्याने धुऊन वापर थांबवावा. ॲडापेलिन, ट्रेटिनॉइन किंवा बेंझॉइल पेरॉक्साइड त्याच रात्री लावू नये. वॅक्सिंगनंतर काही दिवस आम्लास विश्रांती द्यावी.

उन्हाची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. या आम्लाने त्वचा उन्हाला अधिक हळवी होते. म्हणून अमेरिकी औषध प्रशासनाने २००५ साली सुचविले, की वापर चालू असताना व थांबल्यावर आणखी एक आठवडा ऊन टाळण्याची सूचना वेष्टनावर असावी. किमान एसपीएफ ३० चे, तेलकट नसलेले सनस्क्रीन आणि छत्री ही या उपायाचीच अंगे होत. ज्याला दिवसभर शेतात वा रस्त्यावर उन्हात राबावे लागते आणि हे जपणे शक्य नाही, त्याने आम्लाच्या वाटेस न गेलेलेच बरे.

काही घरगुती समजुतीही सोडाव्यात. लिंबाचा रस ग्लायकोलिकच्या सौम्य मिश्रणाहून अधिक आंबट असतो. तो लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होते. केसांचे खोबरेल कपाळावर ओघळू देऊ नये. गोरेपणासाठी शेजारणीने सुचविलेल्या मलमात स्टेरॉइड असण्याचा संभव असतो. त्याने मुरुमे प्रथम दबतात आणि नंतर दुणावतात. २० ते ७० टक्क्यांचे आम्ल तर त्वचारोगतज्ज्ञाच्या हातूनच लावून घ्यावे.

गाठी खोल व दुखऱ्या असतील, खड्डे पडू लागले असतील, किंवा मुलीची पाळी अनियमित असेल, तर बाटलीच्या नादी न लागता बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात किंवा जवळच्या त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. गर्भवतीनेही डॉक्टरांना विचारल्यावाचून काही लावू नये. साध्या मुरुमांना या आम्लाने गुण दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. तेव्हा लग्न तीन आठवड्यांवर आले असता नवे आम्ल सुरू करू नये. ज्या घरी कार्य ठरले असेल, तेथे तज्ज्ञाची भेट साखरपुड्याच्या सुमारासच घ्यावी.