कळपाचा वास असलेला माणूस



मी चितेगावचा. पैठण रस्त्यावरचं आमचं गाव आता कारखान्यांमुळे ओळखलं जातं. तरी सुगी आटोपली की आजही शिवारात मेंढरांचे कळप उतरतात. धनगर वाघूर म्हणजे जाळीचं कुंपण लावतो, शेतकरी खतासाठी रानात मेंढ्या बसवून घेतो आणि दोन-चार रात्रींनी बिऱ्हाड पुढे निघतं. कारखान्यातली पहिली पाळी सुटून आम्ही गेटबाहेर पडायचो, तेव्हा पुष्कळदा समोरून हा कळप जात असायचा. धनगराच्या खांद्यावर एखादं लंगडं कोकरू असायचं. घोंगडीलाही मेंढरांचाच वास.

त्याच कारखान्यात एकदा सुपरवायझरांसाठी शिबिर झालं. विषय होता नेतृत्व. शिकवायला आलेले गृहस्थ सारखं एका अमेरिकी लेखकाचं नाव घेत होते, जॉन मॅक्सवेल. चहाच्या सुट्टीत मी विचारलं, तेव्हा कळलं की हे मॅक्सवेल मुळात चर्चचे पास्टर, वडीलही धर्मोपदेशकच. १९९५ मध्ये त्यांनी कॅलिफोर्नियातल्या आपल्या चर्चची जबाबदारी सोडली आणि पुढचं आयुष्य नेतृत्व शिकवण्याला दिलं. त्यांच्या शिकवणीचं सार एवढंच, की खुर्चीमुळे कुणी पुढारी होत नाही. माणसं तुमचं ऐकतात का, त्यावर ते ठरतं. मला ते पटलं. पुढे केव्हातरी वाचलं, की पास्टर या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थ मेंढपाळ. मग गेटसमोरचा धनगर डोळ्यांपुढे आला आणि प्रश्न पडला, आपल्या मराठी मुलखात असा कळपाबरोबर चालणारा धर्मगुरू कोण?

उत्तर मला जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला मिळालं.

तिथे त्र्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. संमेलनाच्या इतिहासात एका ख्रिस्ती धर्मगुरूला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. निवड जाहीर झाल्यावर काहींनी विरोध केला, धमक्याही आल्या. आपल्या अजिंठ्याच्या परिसरातले कवी ना. धों. महानोर उद्घाटक होते. फादरांची पाठ इतकी दुखत होती की त्यांना चाकाच्या खुर्चीवरून आणावं लागलं. मी मंडपात खूप मागे बसलो होतो. संत गोरोबाकाकांच्या तेरजवळची ही भूमी, समोर हजारो माणसं, आणि वसईचा एक पाद्री शुद्ध, रसाळ मराठीत सांगत होता की लेखकानं अन्यायासमोर गप्प बसू नये. माझ्या शेजारच्या शेतकऱ्यानं पटका सरळ केला आणि तो पुढे सरकून बसला. ते मी विसरलेलो नाही.

फादरांचा जन्म वसई तालुक्यातल्या नंदाखालचा. तिथले ख्रिस्ती लोक घरात सामवेदी बोली बोलतात, शाळेत मराठी शिकतात. केळी, फुलं, पानवेली आणि भाजीपाला यांवर जगणारा हा हिरवा पट्टा. १९७२ मध्ये ते धर्मगुरू झाले आणि १९८३ पासून जवळजवळ दोन तपं त्यांनी ‘सुवार्ता’ हे मासिक चालवलं. चर्चचं मासिक त्यांनी सगळ्या मराठी लेखकांना आणि वाचकांना खुलं केलं.

पण मला सांगायचं आहे ते पाण्याविषयी. मुंबई वाढत वाढत वसईला भिडली. इमारतींसाठी जमिनी खुल्या होऊ लागल्या, विहिरी आणि बावखलं म्हणजे तिथली तळी, त्यांचं पाणी टँकरनं शहरात जाऊ लागलं. समुद्रकाठच्या जमिनीतून गोडं पाणी फार उपसलं की त्या जागी खारं पाणी शिरतं. बागा वाळतात. हे दिसत असताना आपण वेदीपुढे उभं राहून फक्त परलोकाबद्दल बोलावं, हे फादरांना मान्य झालं नाही. ‘हरित वसई संरक्षण समिती’ उभी राहिली आणि झगा घातलेला हा माणूस रस्त्यावर उतरला. बरोबर हिंदू होते, ख्रिस्ती होते, बायका-मुलं होती. दहशत दाखवली गेली, तरी ते मागे हटले नाहीत.

आम्हा चितेगावकरांना हे कळायला वेळ लागत नाही. ज्यांच्या बाजरी-कपाशीच्या रानात शेड उभे राहिले, त्यांना सातबाऱ्यावरचं नाव बदलताना काय वाटतं, ते ठाऊक आहे. आमच्याकडे त्या वेळी कुणी फादर दिब्रिटो नव्हते, याची खंत मला आहे.

त्यांचं दुसरं मोठं काम ‘सुबोध बायबल’. मिशनऱ्यांच्या काळापासून बायबलची मराठी भाषांतरं होती, पण ती भाषा सामान्य वाचकाला परकी वाटायची. फादरांनी अनेक वर्षं खपून ते आजच्या मराठीत आणलं. इथे मला आमच्याच रस्त्याच्या टोकाचे, पैठणचे एकनाथ महाराज आठवतात. नाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्ध प्रत सिद्ध केली आणि भागवत मराठीत उकलून दाखवलं. गोदावरीच्या तापल्या वाळूत रडणारं, अस्पृश्य मानलेल्या घरचं पोर त्यांनी कडेवर घेतलं, ही कथा आपल्याकडे पोराटोरांना माहीत आहे. धर्मग्रंथ लोकांच्या भाषेत आणायचा आणि लोकांचं दुःख कडेवर घ्यायचं. ही दोन कामं एकाच माणसानं करावीत, असं या मातीनं पूर्वीपासून मानलेलं आहे. फादर ख्रिस्ताचं बोट धरून त्याच वाटेनं चालले, असं मी मनापासून म्हणतो. संतांविषयी ते ज्या जिव्हाळ्यानं बोलत, तो वरवरचा नव्हता.

मॅक्सवेल यांनी चर्चची जबाबदारी सोडली आणि जगाला नेतृत्व शिकवलं. त्यात कमीपणा नाही. त्यांच्या पुस्तकांनी लाखो माणसांना धीर दिला. दिब्रिटो यांनी चर्च सोडलं नाही आणि नेतृत्वावर वर्गही घेतले नाहीत. मला विचाराल तर कारखान्यातल्या पोरांना मी आधी दिब्रिटो वाचायला देईन. पाळी संपल्यावर थकलेल्या माणसाला नियमांची यादी लक्षात राहत नाही, पण आपल्यासारख्याच माणसांबरोबर उभा राहिलेला एक माणूस लक्षात राहतो.

२५ जुलै २०२४ रोजी फादर वसईतच गेले. त्यांचं आत्मचरित्र आहे, ‘नाही मी एकला’. तुमच्या गावच्या वाचनालयात ते नसेल, तर मागून घ्या.