चंद्राला खळे पाडणारे ढग

हिवाळ्याच्या सकाळी नांदेड-लातूरच्या आभाळात, फार उंचावर, पिंजलेल्या कापसासारखे जे ढग दिसतात ते बर्फाच्या बारीक स्फटिकांचे असतात. ल्यूक हॉवर्डने १८०२ साली लंडनमधल्या व्याख्यानात ढगांना नावे दिली तेव्हा यांना ‘सिरस’ म्हटले. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ केसांची बट. या अक्षांशांवर ते साधारण १० ते १७ किलोमीटर उंचीवर असतात आणि तिथले तापमान उणे ३० पासून उणे ८० अंशांपर्यंत उतरते. चंद्राला मोठे खळे पडते ते यांच्यामुळेच. षट्कोनी स्फटिकांतून उजेड वळतो आणि चंद्रापासून २२ अंशांवर कडे उमटते. हात लांब करून पंजा ताणला, तर अंगठ्यापासून करंगळीच्या टोकापर्यंत साधारण तेवढे अंतर भरते.

मराठवाड्यात ढगाची किंमत पावसावरून ठरते आणि ते स्वाभाविक आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. शेजारच्या सोलापुरात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने (आयआयटीएम) २०१८ व २०१९ च्या पावसाळ्यांत कृत्रिम पावसाचा प्रयोग केला, तोही याच गरजेपोटी. सिरस ढगाचे पाणी मात्र जमिनीपर्यंत पोचत नाही. तरीही त्याचा अभ्यास महत्त्वाचा आहे, कारण पृथ्वीच्या उष्णतेच्या जमाखर्चात या ढगाचा वाटा मोठा आहे. पातळ सिरस ऊन बहुतांशी खाली येऊ देतो, पण जमिनीची वर जाणारी उष्णता अडवतो. परिणामी खालचा थर तापतो. दाट सिरस ऊनच परत फिरवतो. पारडे कोणत्या बाजूला झुकेल हे ढगाच्या जाडीवर, उंचीवर आणि स्फटिकांच्या आकारावर ठरते. त्यामुळे ही मोजमापे हवामानाच्या भाकितांसाठी फार मोलाची आहेत.

मोजमापाचे तत्त्व साध्या साधनाने दाखवता येते. गॅरेजमध्ये इंजिनाचे तापमान पाहायला पिस्तुलासारखे अवरक्त थर्मामीटर वापरतात. जानेवारीच्या निरभ्र रात्री ते सरळ डोक्यावर रोखले की आकडा शून्याच्या बराच खाली जातो. खालचे दाट ढग आले की तो झपाट्याने चढतो. पातळ सिरस आला तर थोडासाच सरकतो, आणि अभ्यासाचे सारे मर्म त्या थोड्या सरकण्यात आहे. ढग स्वतःच्या उष्णतेने किरण सोडतो, म्हणून त्याला पाहायला ना सूर्य लागतो ना चंद्र. साधारण ८ ते १३ मायक्रॉनच्या पट्ट्यात हवा बऱ्यापैकी पारदर्शक असते. यालाच वातावरणाची खिडकी म्हणतात. मध्ये ९.६ मायक्रॉनला ओझोन आड येतो आणि पलीकडे १५ मायक्रॉनपाशी कार्बन डायऑक्साइडची भिंत लागते.

थर्मामीटर या सगळ्या पट्ट्याचा एकच आकडा देतो. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात घडलेले ‘एरी’ हे उपकरण ३.३ ते १९ मायक्रॉनपर्यंतचा वर्णपट उलगडून मांडते. त्याच्या पोटात मायकेलसन पद्धतीचा व्यतिकरणमापक (इंटरफेरोमीटर) असतो. नांदेडशेजारच्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभा राहणारा, गुरुत्वीय लहरी टिपणारा लायगो प्रकल्पही याच मूळ कल्पनेवर आधारलेला आहे, हे इथल्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे. ‘एरी’ आभाळ पाहण्याआधी आणि पाहून झाल्यावर दोन कृष्णिकांकडे, म्हणजे ठरावीक तापमानाच्या काळ्या पृष्ठांकडे, पाहतो: एक सुमारे ६० अंशांवर तापवलेली, दुसरी भोवतालच्या तापमानाची. हा पडताळा नसेल तर पातळ ढगाचा क्षीण किरण आणि उपकरणाची स्वतःची ऊब वेगळी काढता येत नाही.

स्फटिकांचा आकार वर्णपटाच्या उतारावरून कळतो. बर्फ ११-१२ मायक्रॉनला किरण जास्त शोषतो, ८ ते १० मायक्रॉनला कमी. स्फटिक बारीक असले की हा फरक ठळक उमटतो. मोठे असले की उतार जवळजवळ सपाट होतो. ढगाची उंची मात्र या उपकरणाला नीट उमगत नाही. खालचा विरळ ढग आणि वरचा दाट ढग सारखाच आकडा देऊ शकतात. ऑस्ट्रेलियातील संशोधक प्लॅट यांनी १९७३ मध्ये लायडार आणि अवरक्त मापक एकत्र वापरून हा पेच सोडवला. लायडार लेझरच्या परतलेल्या उजेडावरून उंची सांगतो, मापक उष्णता सांगतो. तिरुपतीजवळच्या गादंकी येथे १९९८ पासून लायडारने सिरस ढगांचा वेध घेतला जात आहे.

वातावरणाच्या या खिडकीला सर्वांत जास्त धुरकट करते ते बाष्प. समुद्रसपाटीपासून लातूर सुमारे ६३० मीटर, नांदेड ३६० मीटर. म्हणजे लातूरला उपकरण ठेवले तर त्यावर बाष्पाचा थर थोडा कमी. पावसाळ्यात वरच्या पूर्वेकडील झोतवाऱ्याबरोबर सिरस भरपूर येतात, पण खालचे ढग त्यांना झाकतात. एप्रिल-मेमध्ये वळवाच्या ढगांचे माथे ऐरणीसारखे पसरून सिरस मागे ठेवतात. फेब्रुवारी-मार्च २०१४ च्या गारपिटीत शेतांवर गारा ओतणाऱ्या ढगांचे माथेही असेच बर्फाचे होते. नोव्हेंबर ते फेब्रुवारीची कोरडी हवा जमिनीवरून मोजण्यास सर्वांत सोयीची. पाऊस आला की उपकरणाचे झाकण आपोआप मिटते, पण धुळीवर असा उपाय नाही. आरशावर बसलेली धूळ आसपासच्या हवेइतकी उबदार असते आणि आभाळाच्या आकड्यात स्वतःची ऊब मिसळते, म्हणून उन्हाळ्यात आरसा वारंवार तपासून स्वच्छ करावा लागतो.