नावाचे मोल



२ सप्टेंबर १९९७ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या राईसटेक या कंपनीला बासमतीची वाणे आणि दाणे यांवर पेटंट मिळाले. हिमालयाच्या पायथ्याशी पिढ्यान्‌पिढ्या निवडून जपलेल्या बियाण्याचे गुण परक्या मुलखात खासगी मालमत्ता ठरले. देशभर संताप उसळला. तो रास्त होता. परंतु पेटंट कार्यालयात संताप हा पुरावा मानला जात नाही. तेथे भारतीय शास्त्रज्ञांनी जमवलेली माहिती कामी आली. ‘अपेडा’ या शासकीय संस्थेने २००० साली फेरतपासणीची मागणी केली आणि २० दाव्यांपैकी बहुतेक दावे कंपनीच्या हातून गेले. २००१ मध्ये तिच्याकडे उरले ते काही विशिष्ट वाणांपुरते हक्क.

हा विजय मोठा, तरी अपुरा होता. वाद दाण्याच्या गुणधर्मांचा होता. ‘बासमती’ हे नाव कोणाचे, याचा निवाडा त्यात झालाच नाही.

नावाचे रक्षण भौगोलिक मानांकनाने होते. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स करारात त्याची तरतूद १९९५ पासून आहे. मात्र ज्या नावाला मायदेशीच संरक्षण नाही, त्याला इतर देशांनी संरक्षण देण्याचे बंधन नाही, असे त्याचे २४ वे कलम सांगते. आणि १९९७ साली भारतात असा स्वतंत्र कायदाच नव्हता! तो १९९९ साली संमत झाला आणि अमलात आला सप्टेंबर २००३ मध्ये. त्याखाली पहिली नोंद दार्जिलिंग चहाची झाली; बासमतीची पाळी २०१६ साली आली.

करारातही पंक्तिप्रपंच आहेच. युरोपच्या मद्यांना २३ व्या कलमाने कडेकोट कवच दिले. ‘अमुक पद्धतीचे’ अशी पुस्ती जोडूनही ते नाव इतरांना वापरता येत नाही. तांदूळ, चहा, आंबा यांच्या बाबतीत मात्र ग्राहकाची दिशाभूल झाली हे सिद्ध करावे लागते. हे कवच सर्व उत्पादनांना मिळावे, ही भारताची मागणी न्याय्यच आहे.

पण घरचे काय? कोकणच्या हापूसला २०१८ साली मानांकन मिळाले. तरीही ऐन हंगामात परप्रांतीचा आंबा ‘देवगड’, ‘रत्नागिरी’ म्हणून पेटीत भरला जातो आणि गिऱ्हाईक भाव करून तो घरी नेते. बागायतदाराने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी, ग्राहकाने पेटी घेताना त्या नोंदीची विचारणा करावी. आपल्याच बाजारात जे नाव राखले जात नाही, त्याची राखण परक्या न्यायालयाने का करावी?