शिळेवरील काव्य आणि त्याची नक्कल



इ. स. ५६८ मध्ये लोंबार्ड लोक इटलीत उतरले आणि ७७४ साली शार्लमेनने त्यांचे राज्य जिंकून घेतले. या दोन शतकांत, विशेषतः सातव्या शतकाच्या अखेरीपासून, या लढवय्या लोकांनी आपल्या राजांच्या, सरदारांच्या व धर्मगुरूंच्या समाधींवर लॅटिन पद्यलेख कोरविले.

बोब्बिओच्या मठात कुमियान या आयरिश बिशपच्या समाधीची संगमरवरी शिळा आजही आहे. ती राजा लिउटप्रांड (७१२–७४४) याने करविली. कारागीर योहान्नेस याचेही नाव तीवर आहे. जुन्या लॅटिन षट्गणी वृत्तात लघुगुरूंचे बंधन असे. येथे कवी उच्चारातील आघातावर भिस्त ठेवतो. व्याकरणशुद्धतेच्या कसोटीवर हे पद्य ओबडधोबड ठरेल. पण बदलत्या बोलीचा कानोसा त्यातच लागतो.

ड्रॉक्टुल्फची कथा याहून बोलकी. जन्माने स्वाबियन असलेला हा वीर लोंबार्डांत वाढला, परंतु पुढे बायझंटाइनांना मिळून लोंबार्डांविरुद्धच लढला. राव्हेन्नाच्या सान व्हिताले मंदिरापाशी त्याला पुरले आणि त्याच्या निष्ठेची स्तुती पद्यात कोरली. ती शिळा नष्ट झाली. तरी काव्य उरले. कारण आठव्या शतकाच्या अखेरीस पाउलुस डियाकोनुस याने ते आपल्या लोंबार्डांच्या इतिहासात जसेच्या तसे उतरवून घेतले. पाउलुस स्वतः लोंबार्ड होता. आपल्या लोकांवर शस्त्र धरणाऱ्याची स्तुती त्याने गाळली नाही.

मात्र ज्या भाषेत हे लोक घरी बोलत, तिचे भाग्य निराळे. ६४३ सालचा रोथारी राजाचा कायदाही लॅटिनमध्येच लिहिला गेला. लोंबार्ड भाषेचे त्यात काही शब्द तेवढे आले. त्या भाषेतील एकही सलग ग्रंथ आज उपलब्ध नाही. कोणी लिहिले नाही, म्हणून कोणाला नकलता आले नाही.

शतकपूर्ती साजरी करणाऱ्या ग्रंथालयाने यातून एक काम अंगावर घ्यावे. गावातील जुनी मंदिरे, घाट, समाध्या यांवरील लेख पावसापाण्याने झिजत आहेत. सभासदांनी ते अक्षरशः उतरवून घ्यावेत, तारीख व जागा नोंदवावी आणि त्या वह्या येथील कपाटात ठेवाव्यात. आवडीनिवडीने मात्र त्यांतील एकही ओळ गाळू नये.