दोष बॅटरीचा कीं पुरवठ्याचा ?

शहरांत राहणाऱ्या पुष्कळ कुटुंबांची गांवाकडे बाग किंवा थोडी शेती असते, आणि तिच्यासाठीं वापरलेला लहान ट्रॅक्टर विकत घेतला जातो. कांहीं दिवस तो नीट चालतो. मग एके सकाळीं किल्ली फिरवतांच नुसता 'टक्' असा आवाज होतो आणि इंजिन फिरत नाहीं. घरांत निर्णय होतो : बॅटरी गेली. हजारों रुपयांची नवी बॅटरी येते, आणि पंधरवड्यांत तिचीहि तीच अवस्था होते.

गच्चीवरील टाकी रिकामी आढळली तर सुज्ञ गृहस्थ टाकी बदलीत नाहीं. नळाला पाणी येतें कीं नाहीं, हें तो आधीं पाहतो. बॅटरी ही तशीच टाकी होय. तिला वीज पुरविणारा अल्टरनेटर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. तो पुरवठा प्रथम मोजला पाहिजे.

त्यास एक व्होल्टमीटर पुरतो. बारा व्होल्टांची बॅटरी बाहेरून पूर्ण भरून रात्रभर तशीच ठेवावी. सकाळीं तिच्यावर सुमारें १२.६ व्होल्ट दिसावेत. नंतर इंजिन मध्यम गतीनें चालवून पुन्हां मोजावें. आंकडा १३.८ ते १४.५ पर्यंत चढला, तर पुरवठा ठीक आहे. दोष बॅटरीच्या वयांत किंवा चोरून वीज खाणाऱ्या एखाद्या तारेंत शोधावा. आंकडा चढलाच नाहीं, तर वीज बॅटरीपर्यंत पोंचत नाहीं. तो १५ च्या पुढें गेला, तर रेग्युलेटर बिघडला असून बॅटरींतील पाणी आटत जाईल.

पुरवठा नसल्यास स्वस्त कारणांपासून आरंभ करावा. इंजिन बंद करून पट्टा सैल आहे काय, बॅटरीच्या खुंट्यांवर पांढरट थर सांचला आहे काय, फ्यूज शाबूत आहे काय, हें पाहावें. जुन्या यंत्रांत इंजिनाला जोडलेली ऋण तार पुष्कळदां गंजावर किंवा रंगावर बसलेली असते. इंजिन चालू ठेवून व्होल्टमीटरचें एक टोंक अल्टरनेटरच्या धातूला व दुसरें बॅटरीच्या ऋण खुंटीला लावावें; आंकडा जवळजवळ शून्य हवा. अर्धा व्होल्ट दिसला तरी जोड खराब समजावा. किल्ली फिरवल्यावर चार्जिंगचा लाल दिवा लागतो कीं नाहीं, हेंहि पाहावें. पुष्कळ यंत्रांत अल्टरनेटरला जागा करणारा प्रवाह त्याच दिव्यांतून जातो. तो क्षुद्र बल्ब जळाला, कीं धडधाकट अल्टरनेटरहि स्वस्थ बसतो.

चालू इंजिनावर बॅटरीची तार काढून परीक्षा पाहण्याची जुनी रीत मात्र सर्वथा सोडावी. तिनें अल्टरनेटरचे डायोड जळण्याचा धोका असतो.

खरें म्हणजे चालू इंजिनावरचें हें माप पैसे देण्यापूर्वींच, विक्रेत्याच्या दारांत घ्यावें. ज्याचें यंत्र ठीक आहे, तो पांच मिनिटें थांबण्यास हरकत घेणार नाहीं.